मेंबरांचा पाहुणचार

म्युनिसिपालटीनं परसात कोंबड्या पाळायला बंदी घातली, तशी गुणाबाईनं पदर खोचून सगळी गल्ली गोळा केली. गाऱ्हाणं ऐकायला मेंबर सुबराव स्वतः टांग्यातनं आले. दारी आलेल्या पाहुण्याला नुसत्या चहावर कसं धाडायचं? गुणाबाईनं कोंबडी कापली.

"मीटिंगीत बोलतो की, आक्का," म्हणत मेंबर दर रविवारी येत राहिले आणि गल्ली पाळीपाळीनं रस्सा वाढत राहिली. शेवटी गुणाबाईनं संकेश्वरच्या माहेरातनं आणलेली कोंबडी अंड्यांवरनं उठवून कापली.

जेवण झाल्यावर मेंबरांच्या हातावर पाणी घालताना तिनं विचारलं, "आण्णा, बंदी उठंल न्हवं?"

मेंबरांनी रिकाम्या खुराड्याकडं बघितलं. "आता कशापायी भांडू, आक्का? गल्लीत कोंबडी हाय कुठं?"