चंद्रावरचं सावधान

“साहेब, माझी सुभेदारी तुम्ही तीनदा अडवलीत! तिन्ही वेळा एकच कारण लिहिलंत, हवालदार पाय आपटत नाही!”

हवालदार इंदू तांडेल घुमटाखालच्या कवायतीच्या मैदानावर उभी होती. ती चंद्रावरच जन्मलेली, खाणकामगारांची पोर. चंद्रावरच्यांनी बंदूक उचलायची आणि हुकूम पृथ्वीवाल्यांनी सोडायचे, असा फौजेचा कारभार होता. आज तिच्या बढतीचा कागद चौथ्यांदा पुढे आला होता. त्यावर सही करणारे जनरलसाहेब सकाळीच पृथ्वीवरून आलेल्या यानातून उतरले होते.

“शिस्त म्हणजे शिस्त,” साहेब गुरगुरले. “आमची पोरं बघ आणि शीक.”

त्यांनी सोबत आणलेल्या चाळीस जवानांना स्वतःच हुकूम दिला, “सावधान!”

चाळीस बूट दणकन आदळले आणि चाळीस जवान हवेत उडाले. सवयीने साहेबांनीही पाय आपटला होता. तेही टोपीसकट वर निघाले.

“अगं आई, साहेबपण!” इंदूच्या पलटणीतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी पलटण पोट धरून हसू लागली.

साहेब आडवे होऊन हळूहळू खाली येत होते. इंदूने पाय अलगद जुळवले आणि त्यांना कमरपट्ट्याला धरून एका हातात झेललं. इथे त्यांचं वजन दोन-तीन वर्षांच्या पोराएवढंच होतं. आता साहेबांनाही हसू आवरेना.

“सोड गं बाई!”

“सोडते. आधी सांगा साहेब, सही करताय, की मीपण पाय आपटू?”