शून्य चुका

खुसपटबाईने चुकांच्या यादीत तीच चूक सहाव्यांदा उघडली, तेव्हा साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले. गेममधल्या चुका शोधणं हेच तिचं काम, आणि खुसपट काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवलं होतं. तिलाही ते आवडायचं.

गेम राजकारणाचा. खेळणाऱ्याने महापौर व्हायचं, निर्णय घ्यायचे, लोकप्रियता टिकवायची. शहर इतकं हुबेहूब, की खेळणं विसरून बघत बसावं. नदीकाठच्या गल्लीत दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलायचे, जिन्यातली म्हातारी मांजराला हाकलायची. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराने त्या एका गल्लीपायी तीन महिने डोळे फोडून घेतले होते. तो कोणाशी फारसा बोलत नसे.

चूक साधी होती. गल्ली पाडून रस्ता काढला, की महापौरांची लोकप्रियता झटक्यात वाढायची. कारण गल्लीतली चिडलेली दोनशे बारा माणसं घरांबरोबरच गेममधून पुसली जायची. नाराज व्हायला कोणी उरायचंच नाही. पाचदा तिने हे मांडलं, पाचही वेळा साहेबांनी 'ही चूक नाही' असा शेरा मारून बंद केलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आजही सगळ्यांना दिसत होतं, 'उघड्या चुका: एक'.

साहेबांनी गोडीगुलाबीने सुरुवात केली. उद्या गेम बाजारात जायचा, वरच्यांना पडद्यावर शून्य हवं, खेळणाऱ्यांना कुठे एवढं कळतंय. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, ती माणसं कुठे गेली तेवढं सांगा. लगेच बंद करते."

"अगं, चित्रातली माणसं ती."

"मग दुसऱ्या गल्लीत ठेवायला काय जातं? आणि चिडू दे की त्यांना."

साहेबांचा पारा चढला. नोकरी टिकवायची आहे ना, असं त्यांनी सरळच विचारलं. टिकवायची होती. वर्षभर घरी बसल्यावर मिळालेली नोकरी होती. पण माऊसकडे तिचा हात काही गेला नाही.

"टिकवायची आहे सर. पण ही मी बंद करणार नाही."

साहेब तरातरा केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांत तिच्या पडद्यावरून तिचं खातं नाहीसं झालं आणि तिने नोंदवलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. भिंतीवरचा आकडा बदलला. उघड्या चुका: शून्य. सवयीने कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि एकटं पडल्यावर थांबलं.

तिने पर्स घेतली, डबा घेतला. केबिनच्या दारात मात्र ती थांबली.

"बघितलंत सर? अशीच घडते ती चूक."

तेवढ्यात मागे कीबोर्ड वाजायला लागला. चित्रकार मान खाली घालून, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करत होता. त्याला घाई नव्हती. साऱ्या ऑफिसचं काम थांबलं होतं.

त्याने शेवटचं बटण दाबलं.

उघड्या चुका: एक.