देवदूताच्या जागी

देवदूताच्या पंखांची पुढची बाजू सोन्याने झळझळायला लागली, तेव्हा वर्खवाल्याने उरलेल्या, पानापानांत सोन्याचा वर्ख ठेवलेल्या दोन वह्या गुपचूप कोटाच्या आतल्या खिशात घातल्या आणि मागच्या बाजूसाठी पितळी रंगाचा डबा उघडला. पंखांमागे वीतभर अंतरावर भिंत होती. तिथे डोकावणार कोण? फार तर एखादा कोळी.

"शहाणा आहेस," खालून कोणीतरी म्हणालं.

भर दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. वर्खवाल्याने शिडीवरून वाकून पाहिलं. माणसाएवढा लाकडी देवदूत हातात भाला धरून चौथऱ्यावर उभा होता. त्याच्या पायाखाली सैतान आडवा पडला होता, आणि सैतानाचे ओठ हलत होते.

"पण अर्धवट शहाणा," सैतान म्हणाला. "पुढचंही घे की खरवडून. या काळोख्या कोपऱ्यात सोनं काय नि पितळ काय, कोणाच्या बापाला कळतंय?"

वर्खवाला घाबरला, पण सूचना काही वाईट नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सुरी काढली आणि पंखाच्या टोकाला लावली.

"आई गं!" देवदूत कळवळला.

शिडी डगमगली. आता तो भाला आपल्या छातीतून आरपार, म्हणून वर्खवाल्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण देवदूताने नुसताच एक लांब सुस्कारा सोडला.

"बरा सापडलास. दोनशे वर्षं उभा आहे मी इथे. गुडघ्यांचा पार भुगा झालाय. ये, हा भाला धर."

"मी? अहो, पण माझी काय लायकी..."

"पाय आहे ना?"

"आहे."

"मग ठेव याच्या मानेवर. मी जरा पाय मोकळे करून येतो."

आणि देवदूत भाला त्याच्या हातात कोंबून, पंख सावरत, बाजूच्या दाराने चालता झाला.

वर्खवाला चौथऱ्यावर उभा राहिला. बुटाखाली सैतानाची मान लाकडाची नव्हती; कोमट होती, आणि आतून काहीतरी फडफडत होतं.

"चल, आता आपण दोघंच," सैतान मऊ आवाजात म्हणाला. "या जमिनीखाली तळघर आहे. सोन्याचे पेले, सोन्याच्या समया. कोणालाच ठाऊक नाही. बोटभर पाय उचल, लगेच जागा दाखवतो."

वर्खवाल्याला घाम फुटला. पेले किती असतील? डझनभर? मन नको म्हणत होतं, पण पाय काही त्याचं ऐकेना. टाच हळूच वर झाली. सैतानाने मान थोडी सोडवून घेतली.

तेवढ्यात दार करकरलं आणि हातात पिशवी घेऊन एक बाई आत आली. वर्खवाला जागच्या जागी थिजला. त्याची बायकोच होती ती!

ती सरळ चौथऱ्यासमोरच्या बाकावर येऊन टेकली, वर पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"आज चष्मा घरीच विसरले," ती पुटपुटली. "तुमचे पंखही दिसेनात. पुसायला काढलेत वाटतं. असू दे. मागणं नेहमीचंच आहे, माझ्या नवऱ्यासाठी. मनाने वाईट नाही हो तो. पण कामावरून आला की त्याच्या कोटाला हात लावायची मला भीती वाटते. मागे छडीची चांदीची मूठ निघाली, त्याआधी झुंबराचे लोलक. दर वेळी मी ते पदराखाली घेऊन जाते, ज्याचं त्याला परत करते आणि सांगते, चुकून सामानात आलं होतं, आमच्या ह्यांनीच पाठवलंय. लोक म्हणतात, असा प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही! त्यावर तर त्याला कामं मिळतात. आणि हा बिचारा समजतो, खिशाला भोक आहे. तीनदा अस्तर शिवून घेतलंय माझ्याकडून."

बुटाखाली सैतान गदागदा हसायला लागला. "अस्तर!" तो खिंकाळला. "अरे, अस्तर!"

वर्खवाल्याचे कान तापले. त्याने दात आवळले, भाला रोवला आणि होता नव्हता तो सगळा भार पायावर टाकला. हसणं मध्येच तुटलं. खालून पाल चिरडल्यासारखा आवाज आला.

"तेवढं त्याच्या हातांकडे लक्ष ठेवा," बायको उठत म्हणाली. मग पुन्हा एकदा वर निरखून पाहत थांबली. "आणि तुम्हीही जरा जपा. वाळलात फार. घाम आल्यासारखा दिसतोय."

ती गेली. दार लागलं. सैतानाने समयांचं बोलणं पुन्हा एकदा काढून पाहिलं, पण त्याला वाक्य काही पुरं करता येईना.

उन्हं कलता कलता देवदूत परतला. तळव्यांना गवत चिकटलं होतं, गालांवर लाली आली होती.

"जड गेलं का?" त्याने विचारलं.

तो चौथऱ्यावर चढून उभा राहिला आणि वर्खवाल्याने भाला त्याच्या हातात दिला. मग वर्खवाला खाली उतरला. आतल्या खिशातून दोन्ही वह्या काढल्या, पितळी रंगाचा डबा झाकण लावून ठेवून दिला आणि मऊ कुंचला घेऊन पंखांमागच्या फटीत, कोळ्यांच्या जाळ्यांत, कसाबसा घुसला. श्वास रोखून त्याने पहिला वर्ख उचलला.

देवदूताने सैतानाच्या मानेवरचा पाय ऐटीत सारखा केला.

"ऐक," खालून सैतान घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुढच्या वेळी फिरायला गेलास तर दुसऱ्या कोणाला तरी ठेव. तू नुसता उभा राहतोस रे. हा दाबतो."