जांभळी इरकल
चौऱ्याहत्तर साली नवरा गेला आणि हेमावतीच्या घरात कमावतं कुणी उरलं नाही. काही महिन्यांनी सोलापुरातल्या एका कचेरीतून तिला टायपिस्टच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. “विटकी साडी नेसून जा, सायबाला दया येईल,” शेजारीण म्हणाली. हेमावती तशीच निघाली, तर सासूनं, मल्लव्वानं, तिला दारात अडवलं. “भीक मागाय चाललीस व्हय?” तिनं पेटीतली आपली जांभळी इरकल सुनेला नेसवली, तेल लावून घट्ट अंबाडा घातला. “लोक काय म्हणतील, आत्ती?” “लोकांचं मी ऐकते. तू सायबाचं ऐक.” मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “मिस्टर काय करतात?” “वारले.” साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. “काळजी करू नका, मी बघतो,” ते म्हणाले. आता फक्त मान हलवायची होती. हेमावती ताठ बसली. “साहेब, आधी माझं टायपिंग बघा की.”