शामलाच्या पानाचा चहा

वनमालाच्या कुंडीतला गवती चहा युरियावर हिरवागार माजला होता, पण उकळला की नुसत्या गवताची चव. धाकटी जाऊ शामला हिच्या कुंडीत मुरमाड माती, ऊन कडक, पाणी बेताचं. पानं बारकीच, पण चुरगळली की गच्ची दरवळायची. सासरे रोज म्हणायचे, "शामलाले सांग वं, तिच्या पानाचा चहा आण म्हणा." ते ऐकलं की वनमालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शामला रामटेकला माहेरी राहायला गेली, तेव्हा वनमालानं तिच्याही कुंडीत युरिया टाकला आणि रोज बदाबदा पाणी ओतलं. शामला परतली तोवर पानं हातभर वाढली होती आणि वास पार उडाला होता.

त्या संध्याकाळी शामला सासऱ्यांकडे चहा घेऊन गेली, तशी वनमाला मुद्दाम दाराआड उभी राहिली.

"बापूजी, पानाले वासच नाही राहिला. उद्यापासून साधाच चहा करू काय?"

"कर ना. वास मले कोरोनापासून येतेच कुठं?" बापूजी म्हणाले. "तू कप ठेवून पळत नाही, घडीभर जवळ बसते, म्हणून तुह्या पानाचा मांगतो."