जमनाच्या गाण्याचं शूटिंग

“पदर काढून कमरेला खोचा वहिनी, आणि कमरेइतक्या पाण्यात उतरा,” दिनानाथ म्हणाला.

जमना नवापूरच्या वाळूत लाल लुगडं नेसून उभी होती. मागे बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते, पुढे कॅमेरा होता.

“गाणं हळदीचं हाय ना?” तिने विचारलं.

“हो, तुमचंच.”

“मग हळदीला आलेली बाय समुद्रात कशाला बुडते?”

कॅमेरावाला फस्सकन हसला. दिनानाथ हसला नाही. बोईसरला त्याचं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या साली त्यानेच जमनाच्या गाण्यांची कॅसेट काढली आणि ती पालघरपासून तारापूरपर्यंत रिक्षारिक्षांतून वाजली. पण आता सत्त्याण्णव साल उजाडलं होतं. केबलवाल्यांना नुसता आवाज नको होता.

“गाणं आता लोक डोळ्यांनी ऐकतात, वहिनी. हल्ली सगळ्याच जणी करतात.”

जमना काही लाजरीबुजरी नव्हती. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून ती रोज बोईसरच्या बाजारात बसायची आणि कोणी वाकडं बोललं तर त्याची भर बाजारात हजामत करायची. पण इथे गोष्ट वेगळी होती. तिची सासू येसूबाई गावाची धवलारीण. लग्नातली गाणी, म्हणजे धवले, म्हणायचा मान तिचा. ते झाल्याशिवाय हळद लागत नसे. आता येसूबाईचा गळा बसला होता आणि तो मान जमनाकडे यायचा होता. पहिलं लग्न घरातलंच, धाकट्या नणंदेचं, मैनाचं, होळीनंतर. टीव्हीत गायला येसूबाईने परवानगी दिली होती, पण एका अटीवर.

“गा, खुशाल गा. पन धवले म्हननारीचं आंग गावानं बघायचं नाय. बघितलं, का मान गेला.”

तो मान जमनाला जिवापाड हवा होता. बारा वर्षं सासूच्या मागे बसून ती एकेक ओळ शिकली होती.

“मी अशीच गाईन,” ती दिनानाथला म्हणाली. “नायतर नाय.”

“मग हे गाणं निघणार नाही.”

“नको निघू दे.”

एवढं बोलून ती घराकडे चालायला लागली. सोबतीला आलेली मैना होडीला टेकून बसली होती, ती काही लगेच उठली नाही. सगळ्या घरात वहिनीच्या गाण्याचं वेड तिलाच होतं. वहिनी टीव्हीत दिसणार म्हणून तिने मुरबे गावी, होणाऱ्या सासरी निरोपसुद्धा धाडला होता. पोरगी रुसली असणार, असं म्हणून जमना पुढे गेली.

ती सुरूच्या झाडांपर्यंत पोचली तोच मागून हाक आली. दिनानाथ होडीजवळून हात हलवत होता.

“थांबा वहिनी! तुमचंच खरं. नुसता चेहरा घेतो.”

तासाभरात काम झालं. डोक्यावरून पदर, कपाळावर मळवट, आणि आवाज असा लागला की जाळी विणणारे हातातलं काम टाकून ऐकत राहिले. निघताना दिनानाथने लुगडं मागितलं. उद्या नुसत्या होड्या आणि लाटा घ्यायच्या होत्या, रंग जुळवायला लागतो म्हणे. शूटिंगमधलं जमनाला काय कळणार! दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाच्या हाती लुगडं देऊन ती बाजाराला गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा ते धुऊन दोरीवर वाळत होतं.

“वालू लागली होती वहिनी,” मैना म्हणाली.

लग्न ठरल्यापासून पोर न सांगता कामाला हात लावते, म्हणून जमनाला बरं वाटलं. सासूला तर ती ताठ मानेने म्हणाली, “वाकवला की नाय त्याला?”

महिन्याभराने, रविवारी दुपारी, केबलवर गाणं लागणार होतं. येसूबाईच्या ओटीवर मुंगीला जागा नव्हती. सगळ्यांत पुढे विश्राम, मैनाचा होणारा सासरा, मुद्दाम मुरब्याहून आलेला. गाणं सुरू झालं. जमनाचा चेहरा पडदाभर आला आणि येसूबाईने चक्क डोळे पुसले.

मग समुद्र आला. लाल लुगड्यातली एक बाई पाण्यातून बाहेर येत होती. पदर नव्हता, लुगडं अंगाला चिकटलेलं. चेहरा दिसत नव्हता. कॅमेरा तिच्या पाठीवर, कमरेवर रेंगाळत होता. लगेच जमनाचा चेहरा, गाणारा. पुन्हा ती ओली पाठ.

कोणीतरी खाकरलं. विश्रामने मान खाली घातली. येसूबाईने पदर डोळ्यांवर ओढला आणि पुढचं काही पाहिलंच नाही.

जमना ताडकन उठली. अंगाचा नुसता जाळ झाला होता. ही मी नाही, मेल्याने दुसरीच कोणी उभी केली, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

तेवढ्यात कॅमेरा खाली घसरला. डाव्या पोटरीवर आडवा वण होता. तीन वर्षांमागे मैनाच्या पोटरीत पाकट माशाचा काटा घुसला, तेव्हा महिनाभर त्या जखमेत जमनाने स्वतःच्या हाताने हळद भरली होती.

तिने वळून पाहिलं. मैना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती फक्त वहिनीकडे बघत होती.

“जमने,” शेजारची काशीबाई म्हणाली, “लुगडं तर तुजंच हाय. तू नाय, तर मंग तुमच्या घरातली कोन?”

विश्रामने मान वर केली.

“सांग ना गो त्यांना,” पदराआडून येसूबाई कळवळली. “ती तू नाय म्हून सांग.”

“मीच ती, आये,” जमना म्हणाली.