निनावी परीक्षकाचे आभार

"हळदीच्या कंदकुजीवरचा तुमचा शोधनिबंध वाचला, सर. माझंही काम तेच होतं, पण तुमचं आधी छापून आलं," चर्चासत्रात चहा घेताना चैत्राली म्हणाली.

देवस्थळी सरांनी उचललेलं बिस्किट बशीत परत ठेवलं. तिचा निबंध नियतकालिकाकडून परीक्षणाला त्यांच्याकडेच आला होता. स्वतःचा छापून येईपर्यंत त्यांनी तो दाबून ठेवला आणि मग 'यात नवीन काही नाही' असा शेरा मारून परत पाठवला. परीक्षकाचं नाव लेखकाला कधी कळत नाही, हे बरंच होतं.

"प्रबंधात मी माझा निबंध तपासणाऱ्या परीक्षकांचे आभार मानलेत," ती हसली. "कोण ते माहीत नाही, पण इतके महिने लावले म्हणजे नीट वाचला असणार ना?"

"शब्द न् शब्द," सर बोलून गेले.

चैत्रालीचं हसू हळूहळू मावळलं.